एका गोळीतील अनेक औषधांची प्रकाशाच्या साहाय्याने मोजणी

क्षयरोगाच्या रुग्णाला उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत शासकीय आरोग्य केंद्रातून जी गोळी दिली जाते, तिच्यात एक नव्हे, चार औषधे असतात. रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, पायराझिनामाइड ४०० मिलिग्रॅम आणि एथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. पुढील चार महिन्यांच्या गोळीतून पायराझिनामाइड वगळलेले असते. आठवड्यातून तीन वेळा सुटी औषधे देण्याची जुनी पद्धत सोडून २०१७ साली देशभर अशा संयुक्त गोळ्या दररोज देण्यास प्रारंभ झाला. रुग्णाचे वजन पाहून गोळ्यांची संख्या ठरते. ३५ ते ४९ किलोग्रॅम वजनाच्या प्रौढाला दिवसाला तीन, ५० ते ६४ किलोग्रॅमच्या प्रौढाला चार, असा तो हिशेब आहे.

ही सोय मोठी आहे. रुग्णाला मूठभर गोळ्या गिळाव्या लागत नाहीत, आणि चारांपैकी एखादे औषध मनाने सोडून देण्याचा मार्गही बंद होतो. मात्र त्याबरोबरच एक जबाबदारी निर्माण होते. पंचेचाळीस किलो वजनाच्या रुग्णाला तीन गोळ्यांतून ४५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन मिळावयास हवे, म्हणजे दर किलोमागे १० मिलिग्रॅम. गोळीत लेबलावर लिहिलेल्याच्या सत्तर टक्केच औषध असेल, तर त्याच्या पोटात ३१५ मिलिग्रॅम जाईल. गोळीचा रंग तोच, आकार तोच, वेष्टनही तेच. रुग्ण एकही दिवस न चुकवता औषध घेईल आणि तरीही त्याच्या फुप्फुसातील जंतूंना अपुरी मात्रा मिळून ते त्या औषधाला सरावण्याचा धोका राहील. रिफाम्पिसिनला न जुमानणारा क्षयरोग बरा करणे किती कष्टाचे असते, हे आरोग्य खात्यातील कर्मचाऱ्यांना सांगावयास नको.

गोळीत चारही औषधे आहेत आणि लिहिलेल्या प्रमाणात आहेत, हे कोणी व कसे ताडून पाहावयाचे? बारीक चूर्ण करून एकजीव केलेल्या मिश्रणातून औषधे हाताने वेगळी काढता येत नाहीत. या कामी रसायनशास्त्रज्ञांनी प्रकाशाचा जो उपयोग करून घेतला, त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यात गणित थोडे आहे. पण ते दहावीच्या बीजगणितापलीकडचे नाही.

शोषणाचा नियम

कोकमाचे सरबत पेल्यात ओतून उजेडाकडे धरले, तर ते लाल दिसते, कारण पांढऱ्या प्रकाशातील हिरवा-निळा भाग ते गिळून टाकते आणि तांबडा भाग आरपार जाऊ देते. सरबतात पाणी वाढवले की रंग फिका होतो. पेल्याऐवजी उथळ बशीत ओतले तरीही फिका होतो. म्हणजे किती प्रकाश गिळला जाणार हे दोन गोष्टींवर ठरते: द्रावणाचा दाटपणा आणि प्रकाशाला कापावे लागणारे अंतर. अंतराविषयीचा नियम फ्रान्समधील पिएर बूगेर यांनी १७२९ साली मांडला. योहान लॅम्बर्ट यांनी १७६० साली त्याला गणिती रूप दिले, आणि ऑगस्ट बीअर यांनी १८५२ साली द्रावणाच्या दाटपणाशी त्याची सांगड घातली. आज तो बीअर-लॅम्बर्ट नियम म्हणून ओळखला जातो.

या नियमातील एक मर्म नीट समजून घेतले पाहिजे. समजा, एक सेंटिमीटर जाडीच्या द्रावणातून दहा टक्केच प्रकाश पार झाला. जाडी दुप्पट केल्यास किती पार होईल? पाच टक्के नव्हे, तर एक टक्का. कारण पहिल्या थरातून सुटलेल्या दहा टक्क्यांपैकी दुसरा थर पुन्हा एकदशांशच पुढे सोडतो. प्रत्येक थरागणिक प्रकाश दहापटीने घटतो. हा गुणाकाराचा व्यवहार बेरजेत आणण्यासाठी शास्त्रज्ञांनी लॉगरिथमचा आश्रय घेतला आणि शोषणांक ही संज्ञा योजिली. दहा टक्के प्रकाश पार झाला तर शोषणांक १, एक टक्का झाला तर २. असा शोषणांक घेतला की तो द्रावणातील औषधाच्या प्रमाणाशी सरळ प्रमाणात राहतो. औषध दुप्पट, तर शोषणांक दुप्पट.

बहुतेक औषधांची द्रावणे पाण्यासारखी नितळ दिसतात; मग प्रकाश गिळला जातो तो कोठे? आपल्या डोळ्यांना साधारणपणे ४०० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो. त्याच्या अलीकडील, २०० ते ४०० नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण अनेक औषधांचे रेणू नेमका तोच गिळतात. त्यांच्या दृष्टीने ती द्रावणे चांगली रंगीत असतात. आंधळे आपण असतो. हा भाग मोजण्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर हे उपकरण लागते. अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांच्या कंपनीने १९४१ साली बाजारात आणलेल्या उपकरणामुळे जंबुपार प्रकाशातील मोजणी सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्यात आली. आजच्या उपकरणात जंबुपार प्रकाशासाठी ड्युटेरियमचा व दृश्य प्रकाशासाठी टंगस्टनचा दिवा असतो. हव्या त्या तरंगलांबीचा प्रकाश निवडून तो एक सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनी पात्रातून पाठवतात. जंबुपार प्रकाशासाठी हे पात्र क्वार्ट्झचे असावे लागते, कारण साधी काच स्वतःच तो प्रकाश अडवते.

एकाच औषधाची मोजणी

रिफाम्पिसिनचे उदाहरण घेऊ. हे औषध विटकरी लाल रंगाचे आहे. ते घेणाऱ्यांची लघवी तांबूस होते, हे रुग्णांशी संबंध येणाऱ्यांना ठाऊक असते. ४७५ नॅनोमीटर या दृश्य भागात ते प्रकाश चांगला शोषते. त्याचे १०० मिलिलीटरमध्ये १ ग्रॅम असे द्रावण असते, तर या तरंगलांबीला एक सेंटिमीटर जाडीत त्याचा शोषणांक १८७ भरला असता. एवढा शोषणांक प्रत्यक्षात मोजणे शक्य नाही. तो हिशेबाचा गुणांक आहे.

विश्लेषक वीस गोळ्या वजन करून त्यांची पूड करतो आणि एका गोळीच्या सरासरी वजनाइतकी पूड घेतो. ती योग्य द्रावकात विरघळवून १०० मिलिलीटर करतो. पिष्टासारखे न विरघळणारे पदार्थ गाळून काढतो आणि गाळलेल्या द्रावणाचे २ मिलिलीटर घेऊन ते पुन्हा १०० मिलिलीटरपर्यंत विरळ करतो. गोळीत १५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन असेल, तर या अखेरच्या द्रावणात दर मिलिलीटरला ३० मायक्रोग्रॅम असले पाहिजे आणि शोषणांक ०.५६१ आला पाहिजे. तो ०.५०५ आला, तर गोळीत १३५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे लेबलाच्या नव्वद टक्के. भारतीय औषधकोशात गोळ्यांसाठी ९० ते ११० टक्के ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आढळते. त्या हिशेबाने ही गोळी उंबरठ्यावर उभी आहे.

पिपेटने घेतलेल्या दोन मिलिलीटरमध्ये एका थेंबाची चूक झाली, तर ती पन्नास पटींनी वाढून उत्तरात उतरते, हे येथे लक्षात यावे. यंत्र कितीही महाग असले, तरी हात सावध नसेल तर अहवाल व्यर्थ.

दोन औषधे, दोन समीकरणे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. द्रावणात दोन औषधे एकत्र असतील आणि ती एकमेकांवर रासायनिक क्रिया करीत नसतील, तर त्या मिश्रणाचा शोषणांक म्हणजे दोघांच्या शोषणांकांची बेरीज. एका तरंगलांबीला मोजले तर फक्त बेरीज कळते, वाटा कळत नाही. परंतु दोन वेगळ्या तरंगलांबींना मोजले, तर दोन बेरजा हाती येतात, आणि दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे पुरेशी असतात. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील शरीरशास्त्रज्ञ कार्ल फीरॉर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वर्णपटावरून पदार्थांची मात्रा ठरवण्याचा जो अभ्यास केला, त्यावरून ही युक्ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षक वाचकांना वर्गात देता येईल असे एक उदाहरण पाहा. आकडे सोयीसाठी कल्पिले आहेत. समजा, पहिल्या औषधाचे दर मिलिलीटरला एक मायक्रोग्रॅम असताना पहिल्या तरंगलांबीला शोषणांक ०.०५ आणि दुसऱ्या तरंगलांबीला ०.०१ येतो. दुसऱ्या औषधाचे हेच आकडे ०.०२ आणि ०.०४ आहेत. हे चार गुणांक शुद्ध प्रमाणित औषधे वेगवेगळी मोजून आधीच ठरवलेले असतात. गोळीच्या द्रावणाचा शोषणांक पहिल्या ठिकाणी ०.६६ आणि दुसऱ्या ठिकाणी ०.४२ भरला. पहिल्या औषधाचे प्रमाण क आणि दुसऱ्याचे ख मानून, दोन्ही बाजूंना शंभराने गुणल्यास

५क + २ख = ६६
क + ४ख = ४२

अशी समीकरणे मिळतात. दुसऱ्यातून क = ४२ − ४ख हे पहिल्यात घातले की ख = ८ आणि क = १०. दहावीच्या पुस्तकातील क्रेमरच्या निश्चयक पद्धतीनेही हेच उत्तर येते. पाच वह्या व दोन पेनांचे ६६ रुपये, एक वही व चार पेनांचे ४२ रुपये, तर एका वहीची किंमत किती, या गणितात आणि औषध प्रयोगशाळेतील या हिशेबात तत्त्वतः काहीही फरक नाही. बीजगणित कोठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगता येईल.

पण खरी अडचण यापुढे आहे आणि माहितीपत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. वरच्या उदाहरणात दोन्ही औषधांचे स्वभाव भिन्न होते: एक पहिल्या ठिकाणी जास्त शोषते, दुसरे दुसऱ्या ठिकाणी. स्वभाव जवळजवळ सारखे असतील तर काय होते ते पाहू. पहिल्या औषधाचे गुणांक ०.०५० आणि ०.०४८, दुसऱ्याचे ०.०४० आणि ०.०३९ असे धरा. द्रावणात पूर्वीप्रमाणेच पहिले औषध १० व दुसरे ८ असेल, तर शोषणांक ०.८२० आणि ०.७९२ यावयास हवेत. समीकरणे सोडवली की उत्तर बिनचूक मिळते. आता पहिली नोंद ०.८२० ऐवजी ०.८२३ झाली असे समजा. पात्राच्या भिंतीवर बोटाचा ठसा असला तरी एवढा फरक सहज पडतो. नव्या आकड्यांनी गणित केल्यास पहिले औषध १३.९ आणि दुसरे ३.२ निघते! पहिले लेबलाच्या जवळजवळ दीडपट, दुसरे निम्म्याहूनही कमी. तेवढीच चूक आधीच्या उदाहरणात झाली असती, तर उत्तरात एक टक्क्याचाही फरक पडला नसता. आलेखावर दोन्ही समीकरणांच्या रेषा काढल्या तर कारण दिसते. पहिल्या उदाहरणातील रेषा एकमेकींना ठळकपणे छेदतात. दुसऱ्यातील रेषा जवळजवळ समांतर धावतात, आणि एक रेषा केसभर सरकली की त्यांचा छेदनबिंदू कोठल्या कोठे जातो.

क्षयरोगाच्या गोळीत नेमके हेच घडते. रिफाम्पिसिन सुटे सापडते, कारण ४७५ नॅनोमीटरला उरलेली तीन औषधे प्रकाश शोषत नाहीत. त्याचे प्रमाण आधी तेथे ठरवून जंबुपार भागातील त्याचा वाटा वजा करता येतो. परंतु आयसोनियाझिड व पायराझिनामाइड या दोघांचीही शोषणाची शिखरे २६० ते २७० नॅनोमीटरच्या टापूत एकमेकांना खेटून उभी आहेत. शिवाय द्रावणाची आम्लता बदलली की आयसोनियाझिडचा वर्णपटही बदलतो. या दोघांना साध्या दोन समीकरणांनी वेगळे करू पाहणे म्हणजे जुळ्या भावांना पाठमोरे ओळखण्यासारखे आहे.

यावर संशोधकांनी उपाय शोधले आहेत. शोषणांकाऐवजी वर्णपटाचा चढउतार मोजणे, दोनांऐवजी शेकडो तरंगलांबींच्या नोंदी संगणकाकडून सोडवून घेणे, असे त्यांचे स्वरूप आहे. आपल्या देशातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर विद्यार्थी असे पुष्कळ प्रबंध लिहितात. नवी पद्धत सुचवणे सोपे असते. दुसऱ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या माणसाच्या हाती तीच पद्धत तेच उत्तर देते की नाही, हे सिद्ध करणे अवघड. म्हणूनच अशा गोळ्यांसाठी औषधकोशांनी द्रव-क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे औषधे एका बारीक नळीतून दाबाने वाहवत नेऊन एकामागून एक वेगळी करण्याचा, मार्ग स्वीकारला आहे. पण तेथेही नळीच्या टोकाशी बसलेला पहारेकरी बहुधा जंबुपार प्रकाशाचाच असतो आणि बीअर-लॅम्बर्ट नियमानेच मोजतो.

प्रकाशाला न दिसणारे

चौथे औषध एथाम्ब्युटॉल मात्र या सगळ्या खेळाबाहेर आहे. त्याच्या रेणूची घडण अशी की नेहमीच्या जंबुपार भागात ते प्रकाश शोषतच नाही. गोळीतून ते पूर्णपणे वगळले तरी वर्णपटात काडीमात्र फरक पडणार नाही. त्याच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते; उदाहरणार्थ, तांब्याच्या क्षाराशी संयोग घडवून निळा रंग आणला की ते उघड होते. यावरून एक गोष्ट अधिकारी वर्गाने ध्यानात ठेवावी. अहवालात जे शोधले तेच असते. जे शोधले नाही त्याविषयी अहवाल मुका असतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले, ते ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवामुळे. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. तो द्रवही नितळ, आणि या पद्धतीच्या दृष्टीने अदृश्यच. त्याला पकडण्यासाठी त्याचाच शोध घेणारी वेगळी चाचणी करावी लागते.

आणखी एक मर्यादा. आम्लयुक्त द्रावणात रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड एकत्र असताना त्यांच्यात क्रिया होऊन रिफाम्पिसिनचा काही भाग नष्ट होतो. त्यातून निर्माण होणारे पदार्थही रंगीत असतात. केवळ रंगाच्या गडदपणावर विसंबणाऱ्यास बिघडलेले औषधही चांगलेच भासण्याचा संभव असतो.

लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांमध्ये अडचण निराळी आहे. शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी दिली जाते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. एकास एकशेवीस असे हे प्रमाण आहे. लोहाला फिनॅन्थ्रोलिन या रसायनाने नारिंगी-लाल करून ५१० नॅनोमीटरला सुखाने मोजता येते. पण त्याच्या पसाऱ्यात फॉलिक ॲसिड हुडकणे म्हणजे हत्तीच्या पाठीवर बसलेल्या माणसाचे वजन हत्तीसकट करून ठरवण्यासारखे. तेथे आधी वेगळे करणे आणि मग मोजणे, हाच मार्ग.

तरीही साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचे महत्त्व कमी लेखू नये. काही मिनिटांत, थोड्या खर्चात, गोळीत औषध मुळात आहे की नाही हे ते सांगते. २०२३ साली नागपूर जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या नमुन्यात औषधाचा अंशही आढळला नव्हता. अशी गोळी ओळखण्यास दोन समीकरणांचीही गरज नसते. वर्णपटाच्या जागी सपाट रेषा आली की पुरे.

नमुना कसा जातो

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये औषध निरीक्षक दुकानातून अथवा रुग्णालयाच्या भांडारातून नमुना घेतो, तेव्हा त्याचे सामान्यतः चार भाग करून मोहोरबंद केले जातात. त्यांतील एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला दिला जातो आणि एक शासकीय विश्लेषकाकडे जातो. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. विश्लेषकाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. तो अमान्य असल्यास संबंधिताने अहवालाची प्रत मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत तसे कळवावयाचे असते. मग न्यायालयाच्या आदेशाने नमुना कोलकाता येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो.

याच अधिनियमाचे सव्विसावे कलम सर्वसामान्य नागरिकांना, आणि म्हणूनच पंचायत सदस्यांना, विशेष उपयोगी आहे. स्वतः विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवण्याचा हक्क या कलमाने कोणत्याही व्यक्तीला व मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला दिला आहे. मोफत मिळालेल्या शासकीय औषधाविषयी शंका आल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत औषध निरीक्षकाला लेखी कळवावे. दोन्ही प्रसंगी सुट्या गोळ्या पाठवून उपयोग नाही. गोळ्या मूळ वेष्टनात, न उघडलेल्या पट्टीत असाव्यात, आणि गट क्रमांक, उत्पादनाचा महिना व मुदत छापलेला भाग कापला गेलेला नसावा. तपासणीसाठी वीस गोळ्यांची पूड करावी लागते आणि इतर चाचण्यांनाही गोळ्या लागतात, म्हणून एकाच गटातील पुरेशा पट्ट्या पाठवाव्यात. ओलाव्यात किंवा उन्हात पडलेली पट्टी असल्यास तसे पत्रात नमूद करावे. त्यामुळे दोष कारखान्यातील की साठवणुकीतील, हे विश्लेषकाला आणि निरीक्षकाला पुढे ठरवता येते.